चीनमधल्या स्वयंसेवी संस्था आणि त्यांची 'सासू'

शेवंती
नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही २०१० ते २०१८ शांघायला होतो. शहराच्या कडेला एक छोटी संस्था होती, बाहेरगावाहून कामाला आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी. मी आठवड्यातून दोन दुपारी तिथे मुलांना इंग्रजी शिकवायला जायचे. खाली भाजीबाजार, वर दोन खोल्या. एका खोलीत अभ्यासवर्ग. दुसरीत एक टेबल आणि भिंतीला लाकडी मांडणी. त्या मांडणीत पत्रकं असायची: मुकादमाने पगार बुडवला तर कुठे जायचं, यंत्रात बोट गेलं तर कुठला अर्ज भरायचा. संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले आईबाप त्या टेबलाशी रेंगाळायचे. कुणी खिशातून चुरगळलेली पगारचिठ्ठी काढायचा.

संस्था चालवणारी माझी मैत्रीण. तिचं नाव देत नाही. तिची नोंदणी संस्था म्हणून नव्हतीच, कंपनी म्हणून होती. मला वाटायचं की काहीतरी कराची भानगड असेल. मग तिने सांगितलं. चीनमध्ये संस्था नोंदवायला नागरी व्यवहार खात्यात जावं लागतं, पण त्याआधी एखाद्या सरकारी किंवा सरकारमान्य कार्यालयाने "ही आमच्या देखरेखीखाली राहील" असं लिहून द्यावं लागतं. त्या देखरेख करणाऱ्या कार्यालयाला तिथले कार्यकर्ते 'पोपो' म्हणतात. पोपो म्हणजे नवऱ्याची आई, सासू! "सहा वर्षं सासू शोधतेय, कुणी सून करून घ्यायला तयार नाही," असं ती म्हणायची.

२०१६ मध्ये तिला सासू मिळाली. त्या भागातलं स्थानिक सरकारी कार्यालय तयार झालं. नोंदणी होणार, जागेचं भाडं मिळणार, वर्षाला ठरावीक रक्कम मिळणार. अट एकच: मुलांचा वर्ग चालू राहील, दुसऱ्या खोलीतलं टेबल आणि मांडणी जाईल. तिने हो म्हटलं. मी तिच्याशी भांडले. फार बोलले तिला. अजून ते आठवलं की घशाशी येतं.

तुम्हाला काय वाटतं? अशा राजवटीत सरकारच्या अटी मान्य करून अर्धं काम वाचवायचं, की सगळंच बंद पडलं तरी चालेल म्हणायचं?

निर्मळ_झरा
वाचतोय. वाचनखूण साठवली.

वडाची_साल
शेवंतीताई, चांगला विषय काढलात. माझा पीएचडीचा विषय याच्या जवळचा होता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ही सासूची पद्धत १९८९ च्या नियमांनी आली. ते वर्ष तियानआनमनचं, म्हणजे बीजिंगच्या त्या चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडल्याचं, हे ध्यानात घ्या. १९९८ मध्ये नियम आणखी आवळले. एका जिल्ह्यात एकाच प्रकारचं काम करणाऱ्या दोन संस्था असू नयेत, संस्थेने दुसऱ्या जिल्ह्यात शाखा काढू नये, असंही त्यात होतं. म्हणजे सरकारच्याच छायेतली एखादी संस्था आधीपासून असली की तुमचा अर्ज तिथेच संपला. आणि मुख्य मेख अशी की सासू व्हायला कुठलंही कार्यालय बांधील नाही. सुनेने काही केलं तर जबाब सासूने द्यायचा, आणि सून चांगली निघाली म्हणून सासूला बढती नाही. मग कोण कशाला होईल सासू?

सगळ्यात बोलकं उदाहरण १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'फ्रेंड्स ऑफ नेचर' या पर्यावरण संस्थेचं. संस्थापक लियांग त्सोंगजिए हे साधे गृहस्थ नव्हते. आजोबा लियांग छीछाओ म्हणजे आधुनिक चीनच्या वैचारिक इतिहासातलं मोठं नाव, वडील लियांग सिचंग नामवंत वास्तुतज्ज्ञ. (१९२४ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर चीनला गेले तेव्हा त्यांची दुभाषी असलेली लिन ह्वेईयिन ही या लियांगांची आई.) एवढं घराणं असून पर्यावरण खात्याने त्यांची सासू व्हायला नकार दिला. शेवटी चिनी संस्कृतीच्या एका अकादमीने पदर पसरला, तोही स्वतःची शाखा म्हणून. पर्यावरणाची संस्था संस्कृतीच्या घरात नांदली!

पण तिथे नांदून त्यांनी काम केलं, हे विसरू नका. युन्नानमधल्या सोनेरी माकडांचं जंगल तोडायला निघालं होतं तेव्हा लियांगांनी थेट वरच्या नेत्यांना पत्रं लिहिली आणि तोड थांबवायला लावली. तिबेटी काळविटांच्या शिकारीविरुद्ध लढले. त्या काळविटाच्या लोकरीची शहातूश शाल कुठे विणली जायची? आपल्या काश्मीरमध्ये. ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर १९९८ मध्ये बीजिंगला आले तेव्हा लियांगांनी त्यांना या व्यापाराबद्दल पत्र दिलं होतं.

त्यांची रीत अशी होती की केंद्र सरकारला कधी आव्हान द्यायचं नाही. केंद्राचाच कायदा हातात घ्यायचा आणि तो मोडणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला धरायचं. त्या काळात ही रीत चालायची. तुमच्या मैत्रिणीला २०१६ मध्ये ती वाट उरली नव्हती, एवढंच सध्या म्हणतो.

तिरफळ
सासू शोधण्याचा भाग वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं.

कोकणचा_राजा
थोडा विरुद्ध सूर लावतो, राग मानू नका.

आपण हे सगळं 'बिचाऱ्या संस्था' म्हणून वाचतोय. चीनमध्ये आज नोंदणी झालेल्या संस्था सुमारे ९ लाख आहेत. हुकूमशाहीला संस्था नकोच असत्या तर एवढ्या असत्या का? वृद्धांची सेवा, अपंग मुलांच्या शाळा, ऑटिझमची केंद्रं, ही कामं सरकारी बाबूला जमत नाहीत हे तिथल्या कम्युनिस्ट पक्षालाही कळतं. शांघाय शहरात आणि ग्वांगडोंग प्रांतात सरकार संस्थांकडून रीतसर सेवा विकत घेतं. २०१३ पासून तर धर्मादाय आणि वस्तीसेवेच्या संस्थांना सासूशिवाय थेट नोंदणीची वाटही बऱ्याच ठिकाणी उघडली. मी कामानिमित्त शांघायजवळच्या सूचोऊला चार वर्षं होतो. आमच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण देणारी संस्था होती. सत्तरी-ऐंशीची माणसं ताट घेऊन गप्पा मारत बसायची. त्या म्हाताऱ्याला संस्था स्वतंत्र आहे की नाही याच्याशी काय घेणं? ताईंच्या मैत्रिणीने शंभर टक्के बरोबर केलं.

मोरपीस
@कोकणचा_राजा, जेवण मिळालं हे चांगलंच. पण वर्षाच्या करारावर चालणारी संस्था पुढच्या वर्षी त्याच वसाहतीतल्या म्हाताऱ्यांचं घर पाडायला सरकार निघालं तर तोंड उघडेल का? तुमच्या ९ लाखांत तोंड उघडणाऱ्या किती?

माझा अनुभव सांगते. मी बीजिंगमध्ये एका परदेशी संस्थेच्या कार्यालयात होते, ग्रामीण आरोग्याचं काम. एप्रिल २०१६ मध्ये परदेशी संस्थांचा कायदा मंजूर झाला, लागू १ जानेवारी २०१७ पासून. आमची नोंदणी आता नागरी व्यवहार खात्याकडे नव्हे तर सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे, म्हणजे पोलिसांकडे. सासू आम्हालाही हवीच. आणि कुठल्या विषयाला कुठलं कार्यालय सासू होऊ शकेल याची अधिकृत यादी कधी आली? डिसेंबर २०१६ च्या उत्तरार्धात. कायदा लागू व्हायला दोन आठवडेही नाहीत!

आम्ही तीन खात्यांत खेटे घातले. कुणी नाही म्हणत नाही. चहा देतात, हसतात, "अभ्यास करून कळवतो" म्हणतात. एका अधिकारी बाईंनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "तुमचं काम चांगलं आहे, पण माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत." मला त्या बाईंचा राग आला नाही. येणार कसा?

पुढच्या वर्षी काय करणार त्याची योजना दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत द्यायची. पोलीस कार्यालयात येऊन कागद तपासू शकतात, बँकेची खाती बघू शकतात, प्रतिनिधीला बोलावून घेऊ शकतात. चीनमध्ये देणग्या गोळा करायला बंदी. आमच्या कार्यालयाने शेवटी २०१८ मध्ये गाशा गुंडाळला. बंदी कुणी घातली नाही. सासूच मिळाली नाही.

निर्मळ_झरा
"बोलावून घेऊ शकतात" म्हणजे अटक?

मोरपीस
नाही. तिथे त्याला 'चहा पिणं' म्हणतात. सुरक्षा खात्याचा फोन येतो, "या, चहा घेऊ." हॉटेलात किंवा कार्यालयात बसवतात, खरोखर चहा असतो. कुणाला भेटलात, पैसे कुठून आले, पुढच्या महिन्यातला तो कार्यक्रम गरजेचा आहे का? आवाज चढत नाही. आमच्या हाताखालच्या चिनी सहकाऱ्याला दोनदा बोलावलं होतं. दुसऱ्यांदा त्याच्या आईच्या दुखण्याचं औषध कुठल्या रुग्णालयातून येतं हेही त्यांनी विचारलं. तो दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन गावी गेला.

तिरफळ
बाप रे.

तर्कतीर्थ_नाही
यात चीनचं एवढं काय? रशियाने २०१२ मध्ये 'परकीय हस्तक' कायदा आणला. परदेशी पैसा घेऊन 'राजकीय' काम करणाऱ्या संस्थेने हस्तक म्हणून नोंदवून घ्यायचं आणि आपल्या प्रत्येक कागदावर तसं छापायचं. स्टालिनच्या छळाच्या नोंदी जपणारी 'मेमोरियल' संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने विसर्जित केली. त्यातलं एक कारण काय? ती पाटी नीट छापली नाही! २०२२ मध्ये त्याच संस्थेला शांततेचं नोबेल विभागून मिळालं. आणि आपल्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रणाचा कायदा, आहेच.

शेवंती
तर्कतीर्थ, एफसीआरएवर वेगळा धागा काढा ना, मी नक्की येईन. इथे तो विषय आला की चीन बाजूला राहील आणि पक्षांची नावं सुरू होतील.

वडाची_साल
शेवंतीताईंना अनुमोदन. तरी फरक तेवढा नोंदवतो. आपल्याकडे संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा, धर्मादाय आयुक्त, हेलपाटे, सगळं आहे. पण सात माणसं जमली की संस्था नोंदवता येते, कुठल्या खात्याची संमती लागत नाही. खात्याने अन्याय केला तर उच्च न्यायालयात जाता येतं, आणि संस्था जिंकतातही. परदेशी पैशाच्या बाबतीत २०२० नंतर आपल्याकडे फास फार आवळलाय, ते मला अजिबात पटत नाही. पण 'सगळीकडे सारखंच' म्हटलं की चीनमधल्या माणसाने काय सोसलं ते दिसेनासं होतं.

सोलापूरची_चादर
अवांतर आहे, पण राहवत नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आलेत. माझ्या आजोबांनी कोटणीसांचं घर लहानपणी दाखवलं होतं.

मोरपीसताईंचं वाचून वाटलं, ते पथकही दुसऱ्या देशातून स्वतःच्या वर्गणीवर आलेली मदतच होती. आज तसं पथक निघालं तर त्याला आधी चिनी भागीदार शोधावा लागेल आणि पोलिसांकडे कागद द्यावे लागतील. वाईट वाटलं, एवढंच.

मोरपीस
चादरदादा, बरोबर. तात्पुरत्या कामालाही चिनी भागीदार लागतो, आणि त्याने पंधरा दिवस आधी नोंद करायची. आणीबाणीच्या मदतकार्याला सवलत आहे, तेवढं मात्र खरं.

जास्वंद_८७
मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते. मला वाटतं आपण 'अटी मानणं' आणि 'न मानणं' असे दोनच रस्ते धरतोय. माझ्या वाचनातली दोन उदाहरणं देते.

१९९५ मध्ये बीजिंगला संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद झाली. स्वयंसेवी संस्थांचा मेळावा मात्र शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर ह्वायरोऊला नेऊन ठेवला. तरी सुमारे ३० हजार बायका जमल्या. 'बिनसरकारी संस्था' हा शब्द चिनी लोकांनी खऱ्या अर्थाने तेव्हाच ऐकला, आणि चिनी कानाला तो 'सरकारविरोधी'च्या फार जवळचा वाटायचा. १९४९ पासून पक्षाच्या छत्राखाली असलेला अखिल चीन महिला महासंघही स्वतःला बिनसरकारी म्हणवू लागला.

त्या परिषदेतून भारावून गुओ जिअनमेई या वकील बाईंनी पेकिंग विद्यापीठाच्या आधाराने स्त्रियांसाठी मोफत कायदा सल्ला केंद्र काढलं. विद्यापीठ ही सासू. २०१० मध्ये विद्यापीठाने नातं तोडलं. बाईंनी 'झोंगझे' नावाने काम चालू ठेवलं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचे खटले, शेतजमिनीतला हिस्सा नाकारलेल्या बायकांचे खटले. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा व्हावा म्हणून या आणि अशा संस्था वीस वर्षं झटल्या. महिला महासंघानेही जोर लावला, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. डिसेंबर २०१५ मध्ये कायदा झाला आणि १ मार्च २०१६ पासून लागू होणार होता. जानेवारी २०१६ च्या अखेरीला झोंगझेला बंद व्हायचा आदेश आला.

कायदा सरकारने ठेवून घेतला आणि कायदा आणणाऱ्यांना घरी पाठवलं. तोच प्रकार हेपटायटिस बी असलेल्यांना नोकरी नाकारण्याविरुद्ध लढणाऱ्या 'यीरेनफिंग'चा. २०१० मध्ये नोकरी आणि शाळाप्रवेशासाठी ही चाचणी सक्तीने करायला बंदी आली. केवढा मोठा विजय! आणि मार्च २०१५ मध्ये पोलिसांनी त्यांच्या बीजिंगच्या कार्यालयावर छापा घालून संगणक नेले.

म्हणून मला मैत्रिणीचा निर्णय समजतो, पण कोकणच्या राजासारखं 'शंभर टक्के बरोबर' म्हणवत नाही. सरकार संस्थेकडून काम घेतं आणि काम झालं की संस्था काढून टाकतं. ती मांडणी गेली तेव्हा नुसती पत्रकं गेली नाहीत. 'तुमचा हक्क आहे' असं सांगणारी वस्तीतली एकमेव जागा गेली.

कोकणचा_राजा
जास्वंदताई, झोंगझेचं मला माहीत नव्हतं. 'शंभर टक्के' मागे घेतो. पण 'बरोबर' मागे घेत नाही.

वडाची_साल
जास्वंदताईंच्या मुद्द्याला पुस्ती. कंपनी म्हणून नोंदणी करणाऱ्यांचं काय होतं तेही सांगायला हवं, म्हणजे मैत्रिणीपुढे काय होतं ते कळेल. कायदेतज्ज्ञ शू झियोंग आणि सहकाऱ्यांनी 'गोंगमंग' ही कायदेशीर मदत संस्था कंपनी म्हणून चालवली. २००९ च्या जुलैमध्ये कर खात्याने सुमारे १४ लाख युआन भरायला सांगितले आणि बीजिंगच्या नागरी व्यवहार खात्याने संस्था बेकायदा ठरवली. शू यांना आधी २०१४ मध्ये चार वर्षं आणि पुढे २०२३ मध्ये १४ वर्षं शिक्षा झाली.

२०१३ मध्ये पक्षाचं एक अंतर्गत परिपत्रक फिरलं, 'दस्तऐवज क्रमांक ९'. 'नागरी समाज' ही कल्पना त्यात धोक्यांच्या यादीत होती. ज्या साली थेट नोंदणीचं दार किलकिलं झालं, त्याच साली हे. सेवा करणाऱ्यांना आत घ्या, हक्क मागणाऱ्यांना बाहेर काढा, असा तो सरळ हिशेब होता. डिसेंबर २०१५ मध्ये ग्वांगडोंगमध्ये मजूर हक्कांच्या संस्थांवर धाडी पडल्या आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. शेवंतीताई, तुमच्या मैत्रिणीची मांडणी मजूर हक्कांची होती. तिला २०१६ मध्ये विचारणा झाली. तिने या बातम्या ऐकल्या नसतील असं मला वाटत नाही.

शेवंती
ऐकल्या होत्या. मला सांगितलं नाही. आज कळतंय.

परतलेला_डॉक्टर
मी २०२० मध्ये वुहानला वैद्यकीय शिक्षण घेत होतो. एअर इंडियाच्या विमानाने फेब्रुवारीत आलो, दिल्लीजवळ मानेसरला विलगीकरणात राहिलो. त्याआधीचे दहा दिवस सांगतो.

२३ जानेवारीला शहर बंद झालं, बस-मेट्रो सगळं बंद. नर्सना रुग्णालयात न्यायचं कसं? मोबाइलवर गट तयार झाले, लोक स्वतःच्या गाड्या काढून नर्सना पोचवू लागले. त्यांना सासू नव्हती, नोंदणी नव्हती, शिक्का नव्हता. आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एक माणूस रोज संध्याकाळी भाजीच्या पिशव्या ठेवून जायचा. तोंडावर दोन मास्क, हातात स्वयंपाकघरातले रबरी मोजे. नाव विचारलं तर हात हलवून निघून जायचा.

आणि रीतसर मदत? देणग्या पाच सरकारमान्य संस्थांकडेच द्यायच्या असा आदेश निघाला. वुहान रेड क्रॉसच्या गोदामात मास्कचे ढीग, आणि मोठ्या रुग्णालयांचे डॉक्टर ऑनलाइन मास्क मागताहेत. लोक खवळले. मग गोदामाचं काम एका खासगी औषध वितरण कंपनीकडे गेलं आणि माल काही तासांत हलू लागला. हुबेई, म्हणजे वुहान ज्या प्रांतात आहे तिथल्या, रेड क्रॉसच्या उपाध्यक्षांना काढलं.

या धाग्यात सगळे संस्थांचं काय होतं ते बोलताहेत. संस्था नसल्या की सरकारचं आणि आजाऱ्यांचं काय होतं ते मी बघितलंय.

जास्वंद_८७
डॉक्टर, तुमच्या प्रतिसादासाठी धन्यवाद. फाटकाशी पिशव्या ठेवणारा तो माणूस आता डोळ्यांपुढून हलणार नाही.

तिरफळ
शेवंतीताई, संस्थेचा वर्ग अजून चालू आहे का? आणि शिक्क्याचं काय ते डॉक्टरांनी लिहिलंय?

शेवंती
तिरफळ, चीनमध्ये सहीपेक्षा गोल लाल शिक्का मोठा. त्याच्याशिवाय बँक पैसे देत नाही, करार होत नाही. नोंदणीनंतर मैत्रिणीच्या संस्थेचा शिक्का तयार झाला, मध्ये पाच टोकांची चांदणी. पण तो राहायचा त्या सरकारी कार्यालयातल्या एका खणात. रंगीत कागद आणि खडू घ्यायचे तरी ती सायकलवरून तिकडे जायची, बाकावर बसायची, साहेब जेवून आले की शिक्का उमटवून परत. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. दोन तास बसलो. ती तिथे मुलांच्या वह्या तपासत होती.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काल तिला निरोप पाठवला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, 'मी तेव्हा तुला बोलले ते चुकलं' असं लिहिलं. भांडण काय झालं होतं तेही तिला नीट आठवत नव्हतं, किंवा तसं म्हणाली. वर्ग चालू आहे. यंदा चाळीस मुलं. आठवी-नववीला आली की त्यातली बरीच गावी परत जातात, कारण त्यांचं हुकोऊ, म्हणजे रहिवासाची नोंद, गावची. कॉलेजची प्रवेश परीक्षा तिकडेच द्यावी लागते.

मांडणी नंतर कुणी नेली नाही, तिथेच आहे म्हणाली. रिकामीच. पावसाळ्यात मुलं त्यात छत्र्या ठेवतात.

कोकणचा_राजा
ताई, पुस्तकं पाठवता येतात का तिकडे? माझ्याकडे लहान मुलांची इंग्रजी गोष्टींची दोन खोकी पडून आहेत.

शेवंती
तिला विचारते. कदाचित शिक्का लागेल.